घर बघायला आलेल्या मिसबाई

“भिकाऱ्याला कोण शिष्यवृत्ती देतंय? ती घराणं बघून देतात.”

तात्यांचं हे वाक्य मी सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या, दाराआड उभी राहून ऐकलं. हातात चहाच्या कपांचं तबक होतं, आणि आत जावं की थांबावं हे ठरवायला मी नेहमीच थोडा वेळ दाराआड काढत असे. मुलगी लाजाळू असली की लोकांना वाटतं, हिचं कशाकडे लक्ष नाही. खरं तर बोलणाऱ्यालाच ऐकायला फुरसत नसते. आमच्या घरात काय चाललं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसे, कारण माझ्याखेरीज सगळे बोलत असत.

तात्या म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. संस्थान होतं तेव्हा ते दरबारच्या शिकारखान्यात कारकून होते. शिकारी चित्त्यांना किती मटण लागलं याचा हिशेब ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. पण बोलणं असं, की जणू ते चित्ते त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले. संस्थान विलीन झालं, चित्ते कुठे गेले देव जाणे, तात्या मात्र आमच्याकडे आले. विधुर होते, मूलबाळ नव्हतं. डोक्याला रुमाल बांधून, पानाचा डबा मांडीवर घेऊन ते सोप्यातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसत आणि तिथून जग चालवत. आबा दरबारच्या दप्तरात होते, ते आता कलेक्टर कचेरीत आले होते. पुण्याहून आलेल्या, त्यांच्या निम्म्या वयाच्या साहेबाच्या हाताखाली. पगार आणि आवाज दोन्ही खाली आले होते. कागलकडे आमची थोडी जमीन होती, ती कुळाकडे गेली. जमीन गेली, तिचा उल्लेख तेवढा आमच्याकडे राहिला, आणि तात्या त्याचीच मशागत करत.

त्या दिवशी सकाळी अमेरिकेहून पत्र आलं होतं. घरात इंग्रजी धड वाचता येणारी मी एकटी, म्हणून मीच ते सगळ्यांना मराठीत सांगितलं. अर्ज पसंत आहे. फी, राहणं, जेवण कॉलेज देईल. बोटीचं भाडं कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनींनी उभारलेला निधी देईल. मात्र घरच्यांना हा खर्च खरोखरच झेपण्यासारखा नाही, याची खात्री पटली पाहिजे. त्यासाठी मिस वॉरन नावाच्या बाई, ज्या त्याच कॉलेजात शिकल्या आणि आता सांगलीकडे एका मिशनच्या शाळेत आहेत, त्या रविवारी घरी येऊन परिस्थिती बघून जातील. मी एक शब्द गाळला नाही. ‘झेपण्यासारखा नाही’ हेही स्वच्छ सांगितलं. पण आमच्या घराने ‘येऊन बघून जातील’ एवढंच ऐकलं. मुलीचं घर बघायला कुणीतरी येणार म्हटलं की आमच्याकडे हातपाय आपोआप हलायला लागतात, डोकं हलवावं लागत नाही.

तात्यांचं ते वाक्य निव्वळ मूर्खपणाचं होतं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. आता म्हातारपणी एवढं कबूल करते, की त्यांच्या जगात ते खरं असावं. फाटक्या कोटाने गेलेल्या माणसाचा कागद तळाला जातो आणि इस्त्रीच्या कोटाचा वर येतो, हे त्यांनी कचेरीत बसून आयुष्यभर पाहिलं होतं. कदाचित चार कागद त्यांनी स्वतःच तळाला घातले असतील. देणारा नेहमी स्वतःच्या बरोबरीच्यालाच देतो, ही त्यांची पक्की समजूत. मदत मागायची तर मदतीची गरज नसल्यासारखं दिसून मागायची. या तत्त्वावर चाललेली घरं मी पुढे कोल्हापुरात पाहिली आणि कोल्हापूरबाहेरही पुष्कळ पाहिली. ती बुडतानासुद्धा पायरीवर रांगोळी काढतात.

मला नन्सच्या शाळेत घातलं होतं, कारण दरबारच्या नोकरांच्या मुलींना तिथे सवलत होती. तिथे मी इंग्रजी शिकले आणि गप्प बसायला शिकले. दुसरं जास्त चांगलं शिकले. घरी इंग्रजी शब्द निघाला तर आगाऊपणा, शाळेत मराठी शब्द निघाला तर शिक्षा. मग दोन्हीकडे तोंड मिटून राहणं सोयीचं. भूगोल शिकवणाऱ्या मिस पिंटोंनी मात्र माझे मार्क पाहून मुंबईच्या अमेरिकन वाचनालयाला परस्पर पत्र लिहिलं आणि कॉलेजांची माहितीपुस्तकं मागवली. “सरोज, इथे राहिलीस तर तुझं लग्न होईल,” एवढंच त्या म्हणाल्या. धमकी म्हणून ते पुरेसं होतं.

ती गुळगुळीत कागदाची पुस्तकं आमच्या घरात आली आणि महिनाभर तीच करमणूक झाली. तात्या इमारतींवरून कॉलेज पसंत करत. एका कॉलेजला मनोरा होता, त्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्याला राजवाड्याची छाप हाय. हे घ्यायचं.” जणू मला ते बांधून आणायचं होतं. आई फक्त चित्रं बघे. एका पुस्तकात कुरणात चरणाऱ्या गाई दिसल्या तेव्हा तिला हायसं वाटलं. “म्हशी न्हाईत, पण दुधाचं काय तरी हाय म्हणायचं.” शेजारचे बापूसाहेब, गुळाचे अडते, रोज संध्याकाळी चहाला येत आणि चहाबरोबर मत देत. “तिकडं गूळच मिळत न्हाई म्हणं. मग माणसं सणाला खातात तरी काय?” याचं उत्तर कुणाकडेच नसल्यामुळे अमेरिकेबद्दल त्यांचं मत वाईट झालं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मी पुस्तकं मागून पुढे वाचत असे. पुढच्या पानांवर हसणाऱ्या मुली असत, मागच्या पानांवर बारीक टाइपात खरं असे. सगळ्या पुस्तकांत एकाच झाडाखाली एकच मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन हसत बसलेली असायची. बीजगणिताचं पुस्तक बघून कोण हसतं, हे मला कळत नसे. (पुढे ते झाड मी प्रत्यक्ष पाहिलं. त्याखाली कुणी बसत नसे. तिथे मुंग्या होत्या.) मागची पानं मात्र मी पाठ केली. परदेशी विद्यार्थिनींचं आमच्याकडे मनःपूर्वक स्वागत आहे, फक्त त्यांनी आपल्या खर्चाची तजवीज आपण करावी. वाक्य इतकं गोड, की दार लावल्याचा आवाजसुद्धा येत नसे. तात्यांच्या मनोऱ्याचं कॉलेज असं गेलं. गाईंचं कॉलेज अर्धी मदत द्यायला तयार होतं, आणि अर्धी मदत म्हणजे निम्म्या समुद्रापर्यंतची बोट. तळ्याकाठचं एक होतं, त्यांनी लिहिलं होतं की आम्ही गुणवंत मुलींचा विचार करतो. विचार करून पुढे काय करतो, ते लिहिलं नव्हतं. शेवटी एक उरलं. लहान, थंडीतलं, फक्त मुलींचं. फोटोत एक विटांची इमारत, तिच्यापुढे बर्फ. तात्या म्हणाले, “सरकारी दवाखान्यागत दिसतंय.” बापूसाहेब म्हणाले, “दवाखाना तरी बरा, तिथनं माणूस घरी येतंय.” त्याच कॉलेजाच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, की जिच्या घरची ऐपत नाही तिचा सगळा भार आम्ही उचलू. असं सरळ वाक्य लिहिणारं एकच निघालं, म्हणून मी तेच निवडलं. अर्जात विचारलं होतं, आमचंच कॉलेज का? मी त्यांच्या ग्रंथालयाबद्दल दोन पानं सुंदर थापा लिहिल्या. बाकीच्यांनी नाही म्हटलं म्हणून, हे खरं उत्तर कुठल्याच कॉलेजला नको असतं.

तात्यांनी चहाबरोबर घराण्याचा विषय काढला त्या संध्याकाळी मी आईजवळ गेले. ती पाट्यावर चटणी वाटत होती. वरवंट्याच्या आवाजात बोलणं मला सोपं जायचं, कारण आपलं वाक्य अर्धं तरी बुडतं.

“आई, त्यांना गरीब घर पाहिजे.”

वरवंटा थांबला. “गप्प. दिवेलागणीला असलं तोंडातनं काढू नको.”

“पण आपण आहोतच ना?”

“हाय म्हणून काय दारावर लिहायचं? पावणं घरात येणार, आन् आपण फाटकी सतरंजी अंथरायची व्हय? लोक काय म्हणतील?”

“लोक येणार नाहीत. एक बाई येणार आहे.”

“बाई जाईल ग. लोक हितंच हाईत.”

मग मी आबांकडे गेले. ते पायरीवर बसून कचेरीचे बूट पुसत होते. मी पत्रातलं ते वाक्य पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “मला कळलंय सकाळीच.” त्यांनी दुसरा बूट घेतला. “परक्या बाईसमोर बसून मी म्हणू, माझ्या पोरीला शिकवायची माझी ताकद न्हाई? तात्या म्हणतोय तसं होऊ दे. त्याला मोठ्या लोकांची रीत म्हाईत हाय.” तात्यांना जे कळत नव्हतं त्याबद्दल मी त्यांची कीव करू शकत होते. आबांना कळत होतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्यांनी बुटावरून डोळे वर केले असते तर त्यांना दिसली असती. त्यांनी डोळे वर केले नाहीत. तेवढी हुशारी आमच्या घरात प्रत्येकाकडे होती.

मग उसनवारी सुरू झाली. मुलगी दाखवायची असली की शेजारून चांगल्या वस्तू आणायच्या, ही पेठेतली जुनी चाल. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आज मी आणीन, उद्या तू नेशील. बापूसाहेबांकडे मखमलीचा कोच होता. शिवाजी पेठेतल्या निम्म्या सासवा त्या कोचावर बसून मुली पसंत करून गेल्या होत्या. तालमीतल्या चार पैलवानांनी तो उचलला आणि भर दुपारी गल्लीतून आणला. दारोदार माणसं उभी.

“पावणं कुठलं म्हणायचं?” समोरच्या शिंप्याने विचारलं.

“अमेरिकेचं,” एका पैलवानाने कोचाखालून सांगितलं.

“आयला! पोरगं काय करतंय तिकडं?”

“पोरगं न्हाई, बाईच येत्या बघायला.”

“म्हणजे सासू पुढं लावून दिली! हुशार हाईत की लेकाचे.”

सगळी गल्ली हसली. मी खिडकीच्या गजाआड होते. मला वाटलं, हे लोक मूर्ख आहेत खरे, पण आमच्या घरातल्यांपेक्षा कमी. त्यांना निदान काय चाललंय ते दिसत होतं, फक्त कशासाठी ते कळत नव्हतं.

कोचामागून बाकीचं आलं, सगळं सोमवारी सकाळी परत करायच्या बोलीवर. शिकारखान्यातल्या एका जुन्या शिकाऱ्याकडून बिबट्याचं कातडं आलं, मुंडक्यासकट. त्याचा एक काचेचा डोळा पडलेला होता आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तात्यांनी ते भिंतीवर लावलं आणि पडलेल्या डोळ्याची बाजू दारामागे जाईल अशी व्यवस्था केली. चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि तबक आलं. बेळगावी गालिचा आला. आणि रेडिओ आला. आमच्या घरात वीज नव्हती. मी आईकडे पाहिलं, आईने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, “वाजवायला कुणी सांगितलंय? शोभा म्हणून ठेवायचा.” तो भरतकामाच्या रुमालाखाली कोनाड्यात बसला, वर खिळ्याला आमचा कंदील. कंदील उतरवायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो आमचा होता आणि आम्हाला दिसत नव्हता. आमच्या खऱ्या वस्तू, म्हणजे सतरंजी, पायाला दोरी बांधलेलं टेबल, माझी पुस्तकांची पत्र्याची पेटी, शेजारी पाठवून दिल्या. माझा अभ्यास त्या आठवड्यात बापूसाहेबांच्या गुळाच्या खोलीत झाला. आजही गुळाचा वास आला की मला इंग्लंडच्या राजांची नावं आठवतात.

रविवारी पहाटेपासून स्वयंपाकघर तापलं. आई बाकी काहीही असो, स्वयंपाकात खोटं करत नसे. सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजल्याचा वास आधी, मग तिळाचा, खसखशीचा, मग कांद्याचा. ओला नारळ खवून, पिळून त्याचं दूध पांढऱ्या रश्शाला. तांबड्याला तिची स्वतःची चटणी, तिचा रंग बघूनच पाहुण्याच्या कपाळाला घाम यावा. मटण चुलीवर झाकणीत पाणी घालून शिजत होतं आणि झाकणीतलं ते पाणी खदखदायला लागलं की आई आतल्या आत पुटपुटे, देवाचं नाव की शिवी ते कधी कळलं नाही. एरवी त्या महिन्यात आम्ही आमटीभाकरीवर होतो. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मला स्वतःचा राग आला. आपलं आयुष्य हातचं जातंय आणि आपल्याला पांढरा रस्सा हवा आहे. मी पुढे खूप देशांत खूप महागडं जेवले. तसा रस्सा पुन्हा मिळाला नाही, आणि तो ज्या कारणासाठी केला होता तसं बावळट कारणही नाही.

मिस वॉरन गल्लीच्या तोंडाशीच टांग्यातून उतरल्या आणि चालत आल्या. मागे गल्लीतली निम्मी पोरं. उंच, उन्हाने तांबडी झालेली, कॅनव्हासचे बूट, काळी छत्री, खांद्याला शबनम. तात्या कोट, रुमाल, उपरणं अशा थाटात उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: “वेलकम, मॅडम, वेलकम टू अवर हंबल पॅलेस.”

“नमस्कार, पावणं,” मिस वॉरन म्हणाल्या. “लई ऊन हाय बाई. जरा पाणी द्या.”

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाजारात कुठल्याही अनोळख्या हमालाला ‘पावणं’ म्हणून मारावी तशी हाक त्यांना एका गोऱ्या मडमेने मारली होती. मिसबाई खेड्यातल्या बायकांत राहून मराठी शिकल्या होत्या आणि त्यांच्यासारखंच बोलत. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं ‘मी येतो’, ‘मी बसतो’ म्हणत. तात्यांनी त्याकडे दुर्लक्ष करून इंग्रजीच चालू ठेवलं. सबंध दुपार हे असं चाललं: मडम अस्सल मराठीत विचारी आणि शिकारखान्याचा कारकून मोडक्या इंग्रजीत उत्तर देई. दोघांचंही बोलणं उसनं होतं. त्यातल्या त्यात मडमेचं निदान अंगाला बसलेलं होतं.

जेवायला त्या पाटावर मांडी घालून बसल्या. तांबडा रस्सा वाटीने प्यायल्या, पुन्हा मागितला. आई आत जाऊन मला म्हणाली, “बाई वाईट न्हाई ग. हात न आखडता जेवत्या.” आईची परीक्षा तेवढ्यावर संपली. मिसबाईंनी आईला पाणी कुठून आणता, लाकूड कुठलं वापरता, असं विचारलं, आणि आई सांगणार एवढ्यात तात्या बाहेरून म्हणाले, “सर्व्हंट्स, मॅडम, सर्व्हंट्स ब्रिंग.” आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सर्व्हंट म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण ती कोण ते तिला बरोबर कळलं.

जेवण झाल्यावर सगळे सोप्यात आले. मिसबाई कोचावर. आबा त्याच कोचाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी कडेवर, आपल्याच घरात पाहुणे असल्यासारखे. मी पानाचं चांदीचं तबक धरून दाराशी. तात्या उभे राहून बोलत होते. कागलची जमीन झाली. तिच्यावरची विहीर झाली. मग बिबट्याकडे हात करून, “अवर फॅमिली, मॅडम, ऑल हंटर्स.” आमच्या कुटुंबात मांजरीलाही कुणी काठी मारली नव्हती. मिसबाई ऐकत होत्या, मधून मधून “व्हय का” म्हणत होत्या. त्यांची नजर कोचावरून गालिच्यावर गेली, गालिच्यावरून कातड्यावर, कोनाड्यावर थोडी थांबली आणि परत फिरली. मग त्यांनी हातरुमालाने तोंड पुसलं आणि हसल्या.

“बरं झालं बघा. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं. आमच्या निधीत पैसा थोडा, मागणाऱ्या पोरी लई. मी कळवतो त्यांना, घर खाऊनपिऊन सुखी हाय, पोरगी हुशार हाय, घरच्यांनी हौसेनं धाडावी. तो पैसा जिला कुणाचाच आधार न्हाई तिला जाऊ दे.”

तात्यांनी यातलं ‘खाऊनपिऊन सुखी’ एवढंच उचललं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात दरबारने त्यांना दिलं नव्हतं ते प्रशस्तिपत्र एका मिशनच्या मास्तरणीने बसल्या बैठकीला दिलं होतं. ते आत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलंस का, सरोजच्या आई? पास झालो आपण!” आणि आतून आईचं “देव पावला” ऐकू आलं.

आबांना कळलं होतं. पण ते गालिच्याच्या नक्षीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी बोलतील. ज्या माणसाची मुलगी डोळ्यांदेखत बोटीवरून उतरवली जात आहे, तो एक शब्द तरी बोलेल. त्यांनी खाकरून घसा साफ केला. मी पुढे झुकले. ते म्हणाले, “मिसबाईंना पान दे, सरोज.”

इतकी वर्षं झाली, त्या वाक्याला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात वय झालं की सगळं निवळतं. निवळतं ते पाणी; माणसाच्या भित्रेपणाकडे पाहिलं की मला अजूनही तीच किळस येते, मग तो माणूस आपला बाप असला तरी. त्या मिसबाईंबद्दलही मला तेव्हा तिटकाराच वाटला. आमच्या भागात जन्म घालवून, आमच्या बायकांची बोली जिभेवर चढवून, हिला रेडिओला तार नाही आणि वर कंदील लटकतोय एवढं दिसू नये? आज वाटतं, दिसलं असेल. तिची नजर तिथे थांबली होती. तसं असेल तर ती मला बोलतं करायला बघत होती, आणि तेही मला फारसं आवडत नाही. उपाशी माणसाने आधी मोठ्याने भूक लागली म्हणावं, मगच त्याला वाढावं, ही देणाऱ्यांची जुनी खोड आहे. ती अमेरिकेतही तशीच निघाली.

मी तबक पुढे केलं. मिसबाईंनी पान उचललं, पण तोंडात घातलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोरी, अमेरिकेला तू जाणार, आन् सकाळपासनं तूच तेवढी काय बोलली न्हाईस. काय सांगायचं हाय का तुला?”

“शी इज शाय, मॅडम,” तात्या म्हणाले. “तिला काय सांगायचं असणार? पोरीची जात. तिच्या वतीनं मी आहे की.”

माझ्या तोंडात इंग्रजी वाक्य तयार होतं. नन्सनी शिकवलेलं, सगळ्या विनयाने गुंडाळलेलं: मला खेद वाटतो, परंतु आमच्या परिस्थितीबाबत काही गैरसमज झालेला दिसतो. ते बोलले असते तर मिसबाईंना सगळं कळलं असतं आणि घरात कुणालाच काही कळलं नसतं. तात्यांनी गल्लीत सांगितलं असतं, पोरगीनं मडमेला इंग्रजीत गप्प केलं. आबा गालिच्याकडे बघत राहिले असते. आईने आतून कौतुकाने ऐकलं असतं. सगळ्यांची अब्रू जागच्या जागी राहिली असती, आणि ती राखण्यासाठी मीच पुन्हा कामाला आले असते. शाळेची सगळी वर्षं मी ती भाषा शिकले होते, आणि त्या घडीला ती मला त्या कोचाइतकीच परकी वाटली.

मी तबक गालिच्यावर ठेवलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो फार मोठा होता, दारातल्या पोरांपर्यंत गेला, आणि आत चुलीपाशी आईने हातातलं भांडं खाली ठेवल्याचं मी ऐकलं.

“बाई,” मी मराठीत म्हणाले, “आम्ही गरीब आहोत. मला तुमचे पैसे पाहिजेत. आणि घर बघायचं असेल, तर उद्या या.”